कतार विश्वचषक २०२२ : साखळी सामन्यांचा धागा

निळीजर्सी | २० नोव्हेंबर २०२२, संध्याकाळी ६:१०

चार वर्षांनी हा धागा निघतोय, आणि यंदा पहिल्यांदाच थंडीत. जून-जुलैच्या उन्हात कतारमध्ये खेळणं शक्य नव्हतं म्हणून स्पर्धा नोव्हेंबरात आली. आज रात्री साडेनऊला अल बायत स्टेडियमवर कतार विरुद्ध इक्वेडोर.

३२ संघ, आठ गट, गटात चौघे. प्रत्येक जण बाकीच्या तिघांशी एकेकदा खेळणार आणि पहिले दोघे पुढे. २ डिसेंबरपर्यंत ४८ सामने आहेत. आपल्या घड्याळाने दुपारी साडेतीन, संध्याकाळी साडेसहा, रात्री साडेनऊ आणि साडेबारा. २९ तारखेपासून प्रत्येकाचा तिसरा सामना सुरू होईल, तेव्हा गटातले दोन्ही सामने एकाच वेळी असतील. साडेआठला आणि साडेबाराला, दोन-दोन सामने बरोबर.

मला बाद फेरीपेक्षा साखळी फेरी जास्त आवडते, हे आधीच सांगून टाकते. बाद फेरीत हरला की संपलं. साखळीत संघ जिंकूनही बाहेर जातो, हरूनही आत राहतो, आणि हे कुठल्या तरी दुसऱ्याच मैदानावर ठरत असतं. शेवटच्या सामन्यांच्या रात्री माझे बाबा वहीच्या पानावर गट मांडून बसायचे. कुठेही गोल झाला की आधीचं खोडायचं आणि खाली नव्याने चार ओळी लिहायच्या. १९९४ पासूनची ती पानं आईने जपून ठेवली आहेत. यंदा ते नाहीत, म्हणून हा धागा मी काढतेय.

तुमचे अंदाज लिहा. ई गटात स्पेन आणि जर्मनी, हे माझ्याकडून ठरलेलं.

आकडेमोड | २० नोव्हेंबर, ६:४५

ताई, धागा काढलात, बरं वाटलं. दरवेळी शेवटच्या दिवशी गोंधळ उडतो म्हणून नियम आत्ताच लिहून ठेवतो. गुण समान झाले तर आधी गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) बघायचा. तोही समान असेल तर केलेले गोल. तरीही सुटलं नाही तर त्या दोघांमधल्या सामन्याचा निकाल. तिथेही बरोबरी असेल तर कार्डं मोजतात, पिवळ्याला एक गुण वजा आणि थेट लाल मिळालं तर चार. त्यानंतर चिठ्ठी.

कार्डांपर्यंत कशाला जाईल, असं कुणाला वाटत असेल तर २०१८ आठवा. जपान आणि सेनेगल गुणांत, गोलांत, आपसातल्या सामन्यात, सगळ्यात समान होते. जपानची पिवळी कार्डं चार, सेनेगलची सहा. सेनेगल घरी गेला. पोलंडविरुद्ध ०-१ ने मागे असूनही शेवटची दहा मिनिटं जपान चेंडू आपापसांत फिरवत राहिला, कारण तिकडे कोलंबिया जिंकत होता. मला तो सामना आजही बघवत नाही.

रंकाळा | २० नोव्हेंबर, ७:२०

कोल्हापुरातून हजेरी. पेठेत आठ दिवस झाले, रंगरंगोटी सुरू आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाला मेस्सी, पलीकडच्या चौकात नेमार, मधल्या बोळात जर्मनीचा झेंडा. ज्यांना हे नवं वाटतंय त्यांना सांगतो, इथं फुटबॉल तालमीतनं वाढलाय. शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्याला जागा मिळत नाही. वर्षभर तालमीची टीम आणि चार वर्षांनी एक महिना दुसरी टीम, अशी माणसाची दोन घरं असतात. आमचं दुसरं घर अर्जेंटिना. वडील ८६ पासनं, मी जन्मापासनं. सी गट : अर्जेंटिना, मेक्सिको, पोलंड, सौदी. नऊ गुण धरून चाललोय.

निळीजर्सी | २१ नोव्हेंबर, रात्री १२:०५

इक्वेडोर २, कतार ०. दोन्ही गोल एनर व्हॅलेन्सियाचे. पहिल्याच सामन्यात हरणारा कतार हा पहिला यजमान. बिचारे घाबरून खेळले. सहा महिने एकत्र सराव करूनही साठ हजारांसमोर पाय थरथरले की पास जात नाही.

नवखी | २२ नोव्हेंबर, दुपारी ४:२५

धाग्यावर पहिल्यांदाच लिहितेय. घरात सगळे बघतात म्हणून बसले आहे. अर्जेंटिनाने चेंडू तीनदा जाळ्यात टाकला आणि तिन्ही वेळा नाही म्हणाले. का?

निळीजर्सी | २२ नोव्हेंबर, ४:३१

ये गं, ये. ज्या क्षणी चेंडू पास होतो त्या क्षणी पुढच्या खेळाडूच्या आणि गोलच्या मध्ये समोरच्यांचे निदान दोघे हवेत. एक बहुतेक वेळा गोलकीपर असतो, म्हणजे प्रत्यक्षात एक बचावपटू हवा. खांदा जरी पुढे असला तरी ऑफसाईड. यंदा छतावरच्या कॅमेऱ्यांवरून संगणक ती रेषा काढतोय, त्यामुळे बोटभर फरकही सुटत नाही. सौदी मुद्दामच बचावफळी खूप पुढे आणून उभी करतायत. धाडस आहे. एकदा रेषा चुकली तर मागे मोकळं रान.

दोहास्थित | २२ नोव्हेंबर, रात्री ८:१५

लुसैल स्टेडियमवर अर्जेंटिना-सौदी बघून आत्ताच घरी आलो. अजून कानात आवाज आहे.

माझ्या शेजारी रियाधहून गाडी चालवत आलेले बापलेक होते. मुलगा नऊ-दहा वर्षांचा, हिरवा मफलर. दहाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टी मारली तेव्हा मुलाने मफलर तोंडात धरला तो मध्यंतरापर्यंत सोडला नाही. टीव्हीवर कसं दिसलं माहीत नाही, पण वरून सौदीची मागची रेषा दोरी ताणल्यासारखी पुढे-मागे सरकत होती. एकाने पाऊल टाकलं की बाकीचेही टाकणार.

४८व्या मिनिटाला अल शेहरी. आमच्या बाजूला लोक उभे राहिले ते बसलेच नाहीत. आणि ५३व्या मिनिटाला अल दौसारी. बॉक्सच्या डाव्या कोपऱ्यात चेंडू, अंगावर माणसं, तो आत वळला आणि उजव्या पायाने लांबच्या कोपऱ्यात मारला. त्या बापाने मुलाला उचलून घेतलं नाही. तो खाली बसला, डोळ्यांवर हात धरला, आणि मुलगाच त्याच्या पाठीवर थोपटत राहिला. सौदीत उद्याची सुट्टी जाहीर झाली हे मला त्यांनीच बाहेर पडताना सांगितलं.

अजून एक लिहायचंय. हे मैदान उभं राहताना मी कामाला जाताना रोज बघितलंय. नेपाळ, बांगलादेश, केरळ, तेलंगण, उत्तर प्रदेश इथली माणसं त्या उन्हात वर चढलेली असायची. मैदानाचं कौतुक जगभर होतंय, तेव्हा त्यांचीही आठवण या धाग्यावर असू दे.

रंकाळा | २२ नोव्हेंबर, ८:४०

पेठेत दिवे लवकर मालवले आज. वडील जेवले नाहीत.

आकडेमोड | २२ नोव्हेंबर, रात्री ११:५८

दादा, काकांना सांगा : १९९० ला अर्जेंटिना पहिला सामना कॅमेरूनशी हरली होती आणि अंतिम फेरीत पोचली. २०१० ला स्पेन पहिला सामना स्वित्झर्लंडशी हरला आणि विश्वचषक घेऊन गेला. ३६ सामने न हरण्याची मालिका आज तुटली, ती कधीतरी तुटणारच होती. मेक्सिको-पोलंड ०-० झाला, म्हणजे सौदी सोडून सगळे जवळजवळच आहेत. मेक्सिकोचा गोलकीपर ओचोआने पोलंडच्या लेवांडोव्हस्कीची पेनल्टी अडवली, ती तुमच्या उपयोगाची ठरेल.

निळीजर्सी | २३ नोव्हेंबर, रात्री ९:००

जपान २, जर्मनी १. काल सौदी, आज जपान. ७५व्या मिनिटाला दोआन, ८३व्याला असानो, दोघेही बदली म्हणून आलेले. मध्यंतरानंतर जपानच्या प्रशिक्षकाने पाच बदल केले आणि सामना फिरवला. असानोने तो लांबवरून आलेला चेंडू ज्या हलक्या पायाने खाली घेतला तो पुन्हा पुन्हा बघा. जर्मनीने पहिला तास हातात ठेवला होता, पण एकच गोल केला. साखळीत न मारलेल्या गोलांची किंमत शेवटच्या रात्री कळते.

नवखी | २५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

इराण-वेल्स बघितला. ९८व्या मिनिटापर्यंत ०-०, आणि मग दोन गोल! पहिल्या सामन्यात इराणचे खेळाडू राष्ट्रगीताला गप्प उभे होते. आज त्यांनी ओठ हलवले, पण चेहरे तसेच. स्टँडमधल्या बायका रडत होत्या. जिंकल्यावर सगळे खेळाडू एकमेकांवर पडले तेव्हा मलाही रडू आलं. मला अजून नियम नीट कळत नाहीत, पण हे कळलं.

रंकाळा | २७ नोव्हेंबर, पहाटे २:४५

आलो. आत्ता घरी आलो.

चौकात पडदा लावला होता. एक तास नुसती घालमेल. मेक्सिकोने पाय ठेवायला जागा दिली नाही आणि आमच्यांना पास सुचत नव्हता. माझ्या बाजूचा पोरगा पुटपुटत होता, बरोबरी तर बरोबरी. ६४वं मिनिट. डी मारियाने उजवीकडनं आडवा दिला, मेस्सीने एका स्पर्शात थांबवला आणि बॉक्सच्या बाहेरनं जमिनीलगत ओढला. चेंडू बचावपटूंच्या पायांमधनं गेला, ओचोआचा हात पुरला नाही. पुढचं मला आठवत नाही. आवाज मावळतोय तोवर एन्झो फर्नांडिसने दुसरा टाकला. पोरगं २१ वर्षांचं आहे!

वडील पडद्याच्या अगदी पुढे खुर्ची टाकून बसले होते. सामना संपला तरी तिथंच. मी जवळ गेलो तर म्हणाले, ‘बघितलंस नव्हं, तेवढीच जागा होती.’ नादखुळा.

फातोर्डाकर | २७ नोव्हेंबर, रात्री ९:१०

मोरोक्को २, बेल्जियम ०. मला आश्चर्य वाटलं नाही. ऑगस्टअखेरीस नेमलेल्या प्रशिक्षकाने तीन महिन्यांच्या आत ही बचावफळी बांधली आहे. क्रोएशियालाही त्यांनी गोल करू दिला नव्हता. साबिरीची फ्री किक जवळच्या खांबाकडून आत गेली, गोलकीपर कुर्त्वाच्या समोरून. सामना संपल्यावर हकिमी स्टँडमध्ये आईकडे गेला, तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

छोट्या संघांनी मोठ्यांना हरवलं की सगळे ‘धक्का’ म्हणतात. २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचे सामने आमच्या मडगावात फातोर्डाला झाले. तेव्हा मी इराणला जर्मनीविरुद्ध ४-० ने जिंकताना पाहिलंय. तो धक्का नव्हता, इराण त्या दिवशी प्रत्येक चेंडूवर आधी पोचत होता. गावातले म्हातारे पोर्तुगालवाले, तरुण ब्राझीलवाले, आणि त्या रात्री सगळे इराणसाठी टाळ्या वाजवत होते.

रंकाळा | २७ नोव्हेंबर, ९:३०

२०१७ च्या त्या भारतीय संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारताचे तिन्ही सामने दिल्लीत झाले आणि तिन्ही हरलो, पण कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने कॉर्नरवर डोक्याने मारलेला गोल, तो फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला. साखळी सामना म्हटला की मला तो आठवतो.

जुनाप्रेक्षक | २९ नोव्हेंबर, दुपारी २:००

आज साडेआठपासून एकाच वेळी दोन सामने सुरू होतील. चिरंजीव सकाळी विचारत होते की एकामागून एक का ठेवत नाहीत, दोन्ही बघता आले असते. त्यांना सांगितलं तेच इथे लिहितो.

१९८२, स्पेन. मी तेव्हा अकरावीत होतो आणि विश्वचषक म्हणजे सकाळचा पेपर. १६ जूनला हिहोन गावात अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ ने हरवलं. पहिल्यांदाच विश्वचषकात आलेला संघ, माजेर आणि बेल्लुमी ही नावं आम्ही मोठ्याने वाचायचो. पुढे अल्जीरिया ऑस्ट्रियाशी हरला, पण २४ जूनला चिलीला ३-२ ने हरवून त्याने आपले तिन्ही सामने संपवले. जर्मनी-ऑस्ट्रिया सामना दुसऱ्या दिवशी होता. म्हणजे मैदानात उतरण्याआधी दोघांनाही नेमकं गणित ठाऊक होतं : जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकला की दोघेही पुढे, अल्जीरिया बाहेर.

सुरुवातीच्या दहा-अकरा मिनिटांत जर्मनीच्या हृबेशने गोल केला. त्यानंतर ऐंशी मिनिटं कुणी खेळलंच नाही. चेंडू मागे, पुन्हा मागे, गोलकीपरकडे. स्टँडमधले अल्जीरियाचे लोक नोटा हलवून दाखवत होते. ऑस्ट्रियाच्या समालोचकाने प्रेक्षकांना टीव्ही बंद करा म्हणून सांगितलं. अल्जीरियाने तक्रार केली, ती फेटाळली गेली, कारण कुठलाच लिखित नियम मोडला नव्हता.

१९८६ पासून गटातले शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी होऊ लागले. आज रात्री रिमोट हातात घेऊन तुम्ही इकडून तिकडे धावाल तेव्हा अल्जीरियाच्या त्या संघाची आठवण ठेवा. बेल्लुमी आणि माजेरना जे मिळालं नाही ते त्यांच्यामुळे बाकीच्यांना मिळालं.

आता माझी खरी तळमळ. २०२६ ला ४८ संघ होणार आहेत. फिफाने २०१७ साली ठरवलंय की तीन-तीन संघांचे सोळा गट करायचे. तिघांच्या गटात शेवटच्या दिवशी एक संघ नेहमी घरी बसलेला असणार आणि बाकीचे दोघे गणित माहीत असताना खेळणार. हे हिहोन परत बोलावणं आहे. याला कुणाचा तरी विरोध व्हायला हवा.

आकडेमोड | २९ नोव्हेंबर, २:४०

काका, अगदी मनातलं. बरोबरी झाली तर गटातही पेनल्टी शूटआऊट ठेवायचा, असा एक उपाय त्यांच्यात बोलला जातोय. पण त्याने एक गोलाने जिंकण्याचा सौदा थांबत नाही. ८२ ला तरी कुठे बरोबरी झाली होती?

फातोर्डाकर | २९ नोव्हेंबर, रात्री १०:३५

सेनेगल पुढे. ६७व्या मिनिटाला इक्वेडोरने बरोबरी केली, तेवढ्याने त्यांचं काम झालं असतं. तीन मिनिटांत कुलिबालीने गोल मारला. बचावपटू, कर्णधार, आणि बरोबर त्या वेळी. दोन वर्षांपूर्वी, २०२० ला गेलेल्या सेनेगलच्या पापा बूबा डिओपचा आज स्मृतिदिन आहे, कुलिबालीच्या दंडपट्टीवर त्याचा १९ आकडा होता.

आकडेमोड | १ डिसेंबर, पहाटे २:०५

कुणी जागं आहे का? हे बघा.

९७४ स्टेडियमवर अर्जेंटिना २, पोलंड ०. लुसैलवर मेक्सिको २, सौदी ०. अर्जेंटिना पहिली, तो प्रश्न मिटला. पोलंड चार गुण, दोन गोल केले, दोन खाल्ले. मेक्सिको चार गुण, दोन केले, दोन खाल्ले. आपसातला सामना ०-०. म्हणजे पिवळी कार्डं! पोलंडची दोन कमी आहेत, म्हणून आत्ता पोलंड आत. २० तारखेला लिहिलं तेव्हा वाटलं नव्हतं की खरंच इथवर येऊ.

निळीजर्सी | १ डिसेंबर, २:१२

जागी आहे. पान समोर आहे, चौथ्यांदा खोडलंय. पोलंडला आता तिसरा गोल खायचा नाही आणि कुणाला पाडायचंही नाही. क्रिहोव्हियाकला कार्ड मिळालं आणि त्याला लगेच बाहेर काढलं. तिकडे मेक्सिको वेड्यासारखं धावतोय. चावेझची ती फ्री किक तीस यार्डांवरून थेट वरच्या बाजूला गेली. त्यांचे दोन गोल ऑफसाईड ठरलेत. एक हवाय फक्त.

रंकाळा | १ डिसेंबर, २:१६

आमचं झालंय तरी मी झोपलो नाही. मेस्सीची पेनल्टी पोलंडचा गोलकीपर श्चेस्नीने अडवली तेव्हा पोटात गोळा आला होता. मध्यंतरानंतर पहिल्याच मिनिटाला मॅक ॲलिस्टर, मग अल्वारेझ. आता मेक्सिकोसाठी जीव तुटतोय.

आकडेमोड | १ डिसेंबर, २:३०

संपलं. मेक्सिको पुढे धावत असताना ९५व्या मिनिटाला अल दौसारीने सौदीचा गोल केला. २-१. कार्डं मोजायची गरज उरली नाही, गोलफरकावर पोलंड पुढे. १९७८ नंतर पहिल्यांदाच मेक्सिको गटातून बाहेर. पोलंडचे खेळाडू आपला सामना संपवून दुसऱ्या सामन्याच्या निकालाची वाट बघत मैदानातच उभे होते, हरलेले आणि जिंकलेले एकाच वेळी.

निळीजर्सी | २ डिसेंबर, पहाटे १:५९

आत्ता, या क्षणी : जपान २, स्पेन १. कोस्टा रिका २, जर्मनी १. स्पेन आणि जर्मनी दोघेही बाहेर! पानावर लिहिलंय आणि माझाच विश्वास बसत नाहीये.

निळीजर्सी | २ डिसेंबर, २:०४

जर्मनीचा हाव्हर्ट्झ. २-२. स्पेन परत आत. तीनच मिनिटं टिकलं ते चित्र.

आकडेमोड | २ डिसेंबर, २:५०

जर्मनी ४-२ ने जिंकूनही बाहेर, सलग दुसऱ्यांदा साखळीत. स्पेन आणि जर्मनी दोघांचे चार गुण. स्पेनला पहिल्या दिवशीच्या कोस्टा रिकावरच्या ७-० ने वाचवलं. ताई, तुम्ही २३ तारखेला न मारलेल्या गोलांबद्दल लिहिलं होतंत ते हेच.

जपानच्या दुसऱ्या गोलाबद्दल सकाळपासून भांडणं होतील म्हणून आत्ताच लिहितो. मितोमाने आत वळवला तेव्हा चेंडू बाहेर गेला होता का? नियम सांगतो की पूर्ण चेंडू पूर्ण रेषेपलीकडे जायला हवा. चेंडूचा व्यास साधारण २२ सेंटीमीटर. जमिनीला टेकलेला बिंदू बाहेर दिसला तरी फुगवट्याचा भाग हवेतून रेषेवर असू शकतो. घरी चेंडू घ्या, फरशीच्या रेषेबाहेर टेकवा आणि बरोबर वरून बघा. बाजूने बघितलं तर बाहेर, वरून बघितलं तर आत.

फातोर्डाकर | २ डिसेंबर, सकाळी ८:२०

चेंडूच्या गडबडीत एक राहून जाऊ नये. जर्मनी-कोस्टा रिका सामन्याची मुख्य पंच स्टेफनी फ्रापार होती, दोन्ही लाईनवरही बायका. पुरुषांच्या विश्वचषकात हे पहिल्यांदा घडलं, आणि तेही इतक्या दडपणाच्या रात्री. सामनाभर पंचांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, यातच त्यांचं काम किती चोख झालं ते आलं.

दोहास्थित | ३ डिसेंबर, रात्री १२:२०

वक्राच्या अल जनूब स्टेडियमवरून परतताना बसमध्ये लिहितोय. उरुग्वे २, घाना ०.

२०१० माहीत नसलेल्यांसाठी : उपांत्यपूर्व सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला सुआरेझने गोलरेषेवर चेंडू हाताने अडवला, लाल कार्ड घेतलं, आणि घानाच्या ग्यानने पेनल्टी आडव्या खांबावर मारली. घाना हरला. बारा वर्षांनी आज पुन्हा तेच दोन संघ, आणि २१व्या मिनिटाला घानाला पेनल्टी! आंद्रे अयूने मारली, रोशेतने अडवली. माझ्या पुढच्या रांगेत घानाची एक बाई ढोल घेऊन होती, तिने ढोल पायाशी ठेवला. दहा मिनिटांत दे अरास्काएताने दोन गोल केले.

तेव्हा उरुग्वे पुढे जात होता, कारण एज्युकेशन सिटी स्टेडियमवर पोर्तुगाल-कोरिया १-१ होता. मग भरपाईची वेळ सुरू झाली आणि आमच्या स्टँडमधून एक कुजबुज पसरत आली. आधी फोनवाले, मग त्यांच्या शेजारचे. कोरियाच्या सोनने अर्ध्या मैदानातून चेंडू नेला, पोर्तुगालच्या बचावपटूच्या पायांमधून दिला आणि ह्वांगने गोल मारला. कोरिया २-१. केलेले गोल जास्त म्हणून कोरिया आत. मैदानावर मात्र काहीच घडलेलं नव्हतं, फळ्यावर तेच २-०. उरुग्वेच्या राखीव खेळाडूंमध्ये एकाने दुसऱ्याच्या कानात सांगितलं. सुआरेझला आधीच बाहेर बोलावलं होतं. त्याने जर्सी नाकापर्यंत ओढून घेतली आणि डोळे तेवढे दिसत राहिले.

पुढची आठ मिनिटं उरुग्वेला एकच गोल हवा होता. घानाला स्वतःसाठी काहीच उरलं नव्हतं, तरी त्यांचा गोलकीपर प्रत्येक चेंडू छातीशी धरून जमिनीवर पडून राहत होता. समोरच्या बाईने ढोल परत उचलला. तिचा संघ बाहेर गेला होता आणि ती शेवटपर्यंत वाजवत राहिली. तिकडे कोरियाचे खेळाडू मैदानात कोंडाळं करून एका फोनवर आमचा सामना बघत उभे होते, ते मी बसमध्ये बसल्यावर पाहिलं.

हे सगळं दोन्ही सामने एकाच वेळी असल्यामुळे. जुनाप्रेक्षक काकांचं लिखाण मी आज मध्यंतरात पुन्हा वाचलं होतं.

नवखी | ३ डिसेंबर, पहाटे २:५०

कॅमेरूनने ब्राझीलला हरवलं! अबूबकरने ९२व्या मिनिटाला गोल मारला, आनंदाने जर्सी काढली, त्याला आधीचं एक पिवळं होतं म्हणून दुसरं मिळालं. पंचाने हसून आधी हात मिळवला आणि मग लाल दाखवलं. तिकडे स्वित्झर्लंड जिंकला म्हणून कॅमेरून बाहेर. मला आता सगळं कळतंय.

आकडेमोड | ३ डिसेंबर, सकाळी ९:००

तिन्ही सामने जिंकलेला एकही संघ नाही, १९९४ नंतर पहिल्यांदाच. आशियाई महासंघाचे तीन संघ बाद फेरीत : जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया. हेही पहिल्यांदा. आज साडेआठला नेदरलँड्स-अमेरिका, साडेबाराला रंकाळादादांचा सामना ऑस्ट्रेलियाशी.

जुनाप्रेक्षक | १५ मार्च २०२३, सकाळी १०:१५

धागा वर आणतोय. काल रवांडातल्या किगालीत फिफाच्या परिषदेने तीनच्या गटांचा बेत रद्द केला. २०२६ ला चारचे बारा गट होतील, एकूण १०४ सामने, आणि गटातले शेवटचे सामने एकाच वेळी. संगनमताचा धोका हे कारण त्यांनी स्वतःच दिलंय. कतारमधल्या त्या चार रात्रींनी हे काम केलं असं मला मनापासून वाटतं. मेक्सिको, जर्मनी, उरुग्वे बाहेर गेले, पण ते खेळता खेळता गेले.

आकडेमोड | १५ मार्च, १०:४०

काका, अभिनंदन! फक्त आता प्रत्येक गटातले दोन आणि तिसऱ्या क्रमांकावरचे सर्वोत्तम आठ पुढे जाणार. १९८६, ९० आणि ९४ ला सहा गटांतले चार तिसरे जायचे, तसंच. त्यामुळे आपल्या गटाचं संपलं तरी इतर गटांकडे डोळे लावून बसावं लागेल.

निळीजर्सी | १५ मार्च, रात्री ९:३०

बाबांची १९९४ ची पानं काढली. त्यांनी खाली तिसऱ्यांसाठी वेगळा चौकोन आखलाय. ई गटात मेक्सिको, आयर्लंड, इटली, नॉर्वे, चौघांचेही चार गुण आणि चौघांचाही गोलफरक शून्य. इटली तिसरी, तिच्याभोवती तीनदा पेन फिरवलंय, आणि पुढे त्यांच्या अक्षरात ‘जाईल’. ती अंतिम सामन्यापर्यंत गेली. फोटो उद्या टाकते.